कीर्तन तुमचं, व्हिडिओ कोणाचा?

नेवासे तालुक्यातल्या एका गावात सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. मंडपाच्या उजव्या अंगाला साउंडवाल्याचा मिक्सर होता आणि त्यातून तीन वायरी निघाल्या होत्या. एक समितीने ठरवलेल्या व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यात गेली होती, दुसरी शेजारच्या तालुक्यातून आलेल्या एका चॅनलवाल्याच्या लॅपटॉपमध्ये. तिसरी कोणाची, ते साउंडवाल्यालाही सांगता येईना. काला वाटून पंगती बसायच्या आत तेच कीर्तन तीन ठिकाणी झळकलं, तिन्हीकडे जाहिरातींसह. महाराजांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते बिदागीचं पाकीट घेऊन पुढच्या गावाच्या वाटेला लागले होते.

आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हे रोज घडतं. अकोले-संगमनेर भागातले निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे सगळ्यांचे इंदुरीकर महाराज, यांनी यूट्यूबवाल्यांबद्दलची तक्रार भर कीर्तनात बोलून दाखवली आहे: बोलणारा एक आणि कमावणारे भलतेच. त्यांच्याइतकं नाव नसलेल्यांचीही तीच अडचण असते, फक्त त्यांचं ऐकायला कोणी नसतं. तमाशा कलावंत, शाहीर, एकांकिका बसवणारी मुलं, लग्नाचे फोटोग्राफर, गावोगावचे यूट्यूबर असे सगळे वाचक पुन्हा पुन्हा तेच विचारतात. ‘माझा आवाज आहे, मग व्हिडिओ माझा नाही का?’ ‘मी शूट केलं, मग महाराज कशी हरकत घेतात?’ ‘फोटोत मी आहे, मग पेपरवाल्याची परवानगी कशाला?’ दोन्ही बाजूंचे लोक प्रामाणिकपणे गोंधळलेले आहेत. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

कुठलाही व्हिडिओ, गाणं किंवा फोटो समोर आला की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

- मूळ रचना कोणाची? शब्द, चाल, संहिता, भाषण. हा लेखकाचा, संगीतकाराचा, वक्त्याचा हक्क.
- सादर कोणी केलं आणि टिपलं कोणी? गायक, वादक, नट, कीर्तनकार यांना कलावंत म्हणून वेगळा हक्क आहे. ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करून घेणाऱ्याला निर्माता म्हणून वेगळा.
- चेहरा, नाव, आवाज कोणाचा? हा कॉपीराइट नव्हे. माणसाच्या खासगीपणाचा आणि व्यक्तिमत्त्वाचा हा हक्क न्यायालयांच्या निकालांतून आकाराला आला आहे.

बहुतेक भांडणं होतात ती एकाकडे परवानगी मागून बाकी दोघांना विसरल्यामुळे. राळेगणसिद्धीचं उदाहरण घ्या. अण्णा हजारे यांच्या उपोषणाचा एखादा गाजलेला फोटो फोटोग्राफरचा किंवा त्याच्या वृत्तपत्राचा असतो, त्यात अण्णा असले तरी अण्णांचा नसतो. उलट तो फोटो विकत घेतला म्हणून त्यावर अण्णांचं नाव टाकून आपला माल विकता येईल, असंही नाही. आणि त्यांच्या आंदोलनाचा इतिहास? तो कोणीही, कोणालाही न विचारता, स्वतःच्या शब्दांत लिहू शकतो.

कीर्तनकार, प्रवचनकार आणि व्याख्यात्यांसाठी

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कायदा तुमच्या बाजूने जास्त आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘व्याख्यान’ या शब्दाच्या व्याख्येतच भाषण आणि धर्मोपदेश येतात. कलम १७ सांगतं, की जाहीर भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा. मंडप कोणी घातला, माईक कोणाचा, कार्यक्रम कोणी ठेवला, याने त्यात फरक पडत नाही. याशिवाय तुम्ही ‘कलावंत’ही ठरता. या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा माणूसही बसवलेला आहे. म्हणून तुमच्या संमतीशिवाय कीर्तन टिपणं, त्याच्या प्रती काढणं, ते लोकांपर्यंत पोहोचवणं हा तुमच्या हक्काचा भंग आहे. कलावंताचा हा हक्क ५० वर्षं टिकतो. मागे उभे असलेले टाळकरी, चाल म्हणणारे गायक, पखवाजवादक यांनाही तो आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांचा विचार कोणीच करत नाही.

आता दुसरी बाजू. ज्यांना तुम्ही अडवू शकत नाही, ते असे:

- स्वतःला घरी ऐकायला मोबाईलवर टिपून घेणारा श्रोता. सभेत मोबाईल बंद ठेवायला सांगणं हा आयोजकांचा नियम झाला, तो वेगळा.
- बातमीदार. जाहीर व्याख्यानाचं वृत्त देणं हा कायद्याने दिलेला अपवाद आहे. महाराज काय बोलले याची बातमी, त्यातला आवश्यक तेवढा अंश दाखवून, देता येते. बातमीच्या नावाखाली दोन तासांचं अख्खं कीर्तन टाकता येत नाही.
- टीका किंवा परीक्षण करणारा. तुमचं विधान दाखवून ‘हे मला पटत नाही’ असं कोणी मांडलं, तर कॉपीराइटचं हत्यार त्याच्यावर उगारू नका. वादग्रस्त बोलण्यावरची चर्चा थांबवायला हा कायदा केलेला नाही.

क्लिप तोडून-जोडून भलताच अर्थ काढला, तुमच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड केली, तर मात्र तुमचा नैतिक हक्क जागा होतो. तो हक्क तुम्ही व्हिडिओचे हक्क विकले असले तरी तुमच्याकडेच राहतो.

आणखी एक जागा, जिथे कीर्तनकार स्वतः अडकतात. अभंग तुकोबांचा, चाल मात्र गाजलेल्या सिनेगीताची. मंडपात ती म्हटली, लोकांनी माना डोलावल्या, सहसा काही बिघडत नाही. पण तेच रेकॉर्डिंग चॅनलवर चढलं, की संगीत कंपनीच्या यंत्रणेला चाल ओळखू येऊ शकते. शब्द मोफत असले तरी चालीला मालक असतो. चॅनलसाठी रेकॉर्डिंग होणार असेल, तर त्या दिवशी पारंपरिक चालीच घ्या.

सप्ताह समितीने कागदावर काय घ्यावं

समितीने पैसे देऊन व्हिडिओवाला ठरवला, तर त्या चित्रीकरणाची पहिली मालक समिती ठरते, वेगळा करार नसेल तर. म्हणजे कीर्तन महाराजांचं आणि व्हिडिओ समितीचा. एकाला सोडून दुसऱ्याला तो वापरता येत नाही. आगंतुक चॅनलवाल्याचा तर दोन्हींत वाटा नाही. ज्या चित्रफितीचा मोठा भाग दुसऱ्याच्या कॉपीराइटचा भंग करून बनला आहे, तिला स्वतःचा कॉपीराइटच मिळत नाही, असं कलम १३ मध्ये आहे. ‘शूटिंगला मी मेहनत घेतली’ हे म्हणणं तिथे टिकत नाही.

हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. तोंडी बोलण्यातून हक्क हस्तांतरित होत नाहीत. वकिलाची भाषा लागत नाही, वहीच्या एका पानावर भागतं. नमुना असा:

‘दि. … रोजी … येथील अखंड हरिनाम सप्ताहातील माझ्या कीर्तनाचे चित्रीकरण करण्यास व ते फक्त … या चॅनलवर … वर्षे ठेवण्यास मी संमती देत आहे. जाहिरातीतून मिळणाऱ्या रकमेपैकी … टक्के रक्कम दर … महिन्यांनी मला देण्यात येईल. कीर्तनातील अंश तोडून स्वतंत्रपणे प्रसारित करण्यापूर्वी माझी परवानगी घ्यावी लागेल. माझ्या आवाजाची किंवा चेहऱ्याची कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे नक्कल करण्यास ही संमती लागू नाही.’

यातली कोणती जागा रिकामी ठेवलीत तर काय होतं, तेही पाहा. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही, तर कायदा ती ५ वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी, ते लिहिलं नाही तर भारतापुरता. आणि ज्याला हक्क दिला त्याने वर्षभरात तो वापरलाच नाही, तर तेवढ्यापुरता हक्क तुमच्याकडे परत येतो, करारात उलट लिहिलं नसेल तर. ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ असा छापील फॉर्म बिदागीसोबत पुढे आला, तर सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्या. घाईत केलेल्या अशा सह्यांचं पुढे काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

समितीच्या लोकांना एक विनंती. मिक्सरवरून वायर कोणाला द्यायची, हे साउंडवाल्याला आदल्या दिवशीच लिहून द्या. निम्मी चोरी तिथेच थांबते.

जुनं म्हणजे मोफत? मोजून पाहा

आपल्या जिल्ह्याइतका मोफत खजिना क्वचितच कोणाकडे असेल. ज्ञानेश्वरी नेवाशाची. संतचरित्रकार महिपती राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. अनंत फंदी संगमनेरचे. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचं घर नगरचं. हे सगळं लेखन आता कोणाच्याही परवानगीवाचून छापता, गाता, रंगमंचावर आणता येतं.

नियम सोपा आहे. लेखकाच्या मृत्यूच्या वर्षात ६० मिळवा. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क वारसांचा, १ जानेवारीपासून सगळ्यांचा.

- दासगणू महाराज, जन्म आपल्याच अकोळनेरचा, निधन १९६२. त्यांच्या रचना १ जानेवारी २०२३ पासून खुल्या. शिर्डीतल्या भजनी मंडळांनी हे लक्षात ठेवावं.
- पंडित नेहरू, निधन १९६४. नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदी असताना १९४४ मध्ये लिहिलेला ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ भारतात १ जानेवारी २०२५ पासून खुला.
- राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, निधन १९६८. २०२८ अखेरपर्यंत थांबा किंवा परवानगी घ्या.
- अण्णा भाऊ साठे, निधन १९६९. २०२९ अखेरपर्यंत हक्क शाबूत. त्यांच्या कथांवरून एकांकिका लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये.
- ग. दि. माडगूळकर, निधन १९७७. २०३७ अखेर.

लेखकाच्या निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाला ही मोजणी लागू नाही. तिथे ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात.

लोक घसरतात ते पुढच्या पायरीवर. नेहरूंचा मूळ इंग्रजी ग्रंथ खुला झाला, पण त्याचा एखादा अलीकडचा मराठी अनुवाद खुला झालेला नसतो, कारण अनुवादकाचा हक्क वेगळा आणि त्याच्या आयुष्यावरून मोजायचा. त्या ग्रंथावरची श्याम बेनेगलांची मालिका आणखी वेगळी. ज्ञानेश्वरीच्या ओव्या मोफत, ‘सार्थ’ आवृत्तीतला आजच्या अभ्यासकाने लिहिलेला अर्थ मोफत नाही. अभंग मोफत, पण एखाद्या गायकाने गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग प्रकाशनापासून ६० वर्षं कंपनीचं. शिवाय चॅनल जगभर दिसतं आणि ब्रिटनसारख्या देशात मुदत मृत्यूनंतर ७० वर्षांची आहे. म्हणून नेहरूंचं पुस्तक वाचून दाखवणारं चॅनल काढणार असाल, तर ते फक्त भारतात दिसेल अशी सोय करा.

फड, वग आणि एकांकिका

संगमनेर हे कांताबाई सातारकरांचं गाव. तमाशाचा फड उभा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. फडात वग कोणी लिहिला, लावणी कोणी रचली, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण कागदावर क्वचित असतं. लेखक एकरकमी पैसे घेतो, फडमालक समजतो वग आपला झाला. पाच वर्षांनी त्याच वगाची सीडी दुसऱ्याच कंपनीच्या नावाने येते आणि मग दोघेही हात चोळत बसतात.

वगलेखकांनो, पैसे घेताना पावतीवर लिहा: रंगमंचावर प्रयोग करण्याचा हक्क दिला, की रेकॉर्डिंगचाही? किती वर्षं? फडमालकांनो, तुमचाही फायदा त्या ओळीतच आहे, कारण लेखी नसेल तर तुमच्याकडे हक्क आल्याचं तुम्हालाही सिद्ध करता येणार नाही. आणि आपले शाहीर शेवटच्या कडव्यात नाममुद्रा घालायचे, ती नव्या ‘रिमिक्स’मधून गाळू नका. रचनाकार हयात असो वा नसो, त्याचे हक्क विकलेले असोत वा नसोत, आपलं नाव राहावं हा त्याचा हक्क कलम ५७ ने राखला आहे.

गीतकार-संगीतकारांसाठी मुंबईची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी सभासदांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते. ज्यांची दोन-चार गाणी प्रसिद्ध झाली आहेत, त्यांनी सभासदत्वाची चौकशी करावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, सिनेमागृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरातली रॉयल्टी गीतकार-संगीतकारांना पूर्णपणे लिहून टाकता येत नाही. करारात तसं कलम कोणी घातलंच तर ते टिकत नाही.

एकांकिका करणाऱ्या मुलांसाठी थोडक्यात. महाकरंडकसारख्या स्पर्धेत उतरताना लेखकाचं परवानगीपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, दोन्ही हाताशी ठेवा. एक दुसऱ्याची जागा घेत नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी-शिक्षकांनी, आपल्याच पालक-शिक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला सूट आहे. तीच एकांकिका तिकीट लावून किंवा यूट्यूबवर टाकून दाखवली, की सूट संपली. दुसऱ्याच्या कथेतली कल्पना घेता येते. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कल्पनेला आणि विषयाला कॉपीराइट नाही, मांडणीला आहे. पण पात्रं, प्रसंगांची साखळी, संवादांची वळणं जशीच्या तशी आली, तर ‘कल्पनाच घेतली’ म्हणून सुटका होत नाही.

लग्नाचे फोटो

इथला नियम ऐकून फोटोग्राफर नाराज होतात. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा आणि व्हिडिओचा पहिला मालक तो काढून घेणारा, म्हणजे वधू-वराचं घर, उलट करार नसेल तर. स्टुडिओला स्वतःच्या जाहिरातीत, इन्स्टाग्रामवर, दुकानाच्या बोर्डावर ते फोटो लावायचे असतील, तर बुकिंगच्या पावतीवर तशी ओळ आणि ग्राहकाची सही हवी. ग्राहकांनीही ती ओळ वाचावी आणि नको असेल तर खोडून सही करावी. मूळ फाईल किती दिवसांत मिळणार, तेही तिथेच लिहून घ्या.

वृत्तपत्रांना तालुक्यातून फोटो पाठवणाऱ्या बातमीदारांची गोष्ट निराळी. तुम्ही पगारी नोकर नसाल आणि काही लिहून दिलं नसेल, तर फोटो बहुधा तुमचाच राहतो.

वरातीतल्या गाण्यांबद्दल नेहमी विचारलं जातं. धार्मिक विधी, वरात आणि लग्नातले इतर सामाजिक सोहळे यांत गाणी वाजवणं हा भंग नाही, असं कलम ५२ मध्ये आहे. केंद्र सरकारच्या उद्योग विभागाने २४ जुलै २०२३ च्या सूचनेत तेच स्पष्ट केलं. गोवा सरकारने २०२४ मध्ये असंच परिपत्रक काढलं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं, कारण परिपत्रकाने कायद्याची व्याप्ती वाढवता येत नाही. कायद्यातली सूट मात्र जागेवर आहे. दारात वरात आली आणि कोणी परवान्याचे पैसे मागितले, तर लेखी मागणी मागा. मंगल कार्यालयातल्या तिकिटाच्या कार्यक्रमाला ही सूट लागू नाही.

तुम्हाला लोक ओळखत असतील, तर

सरपंच, पैलवान, गायिका, शेतीतला प्रयोगशील माणूस, असे लोक आपल्याकडे तालुक्यागणिक आहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली आणि ‘बीजमाता’ म्हणून घरोघर नाव झालं. उद्या कोणी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, तर जाहीर झालेल्या घटना लिहायला परवानगी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात हेच सांगितलं: सार्वजनिक नोंदीतली माहिती छापता येते, त्यापलीकडच्या खासगी आयुष्यात शिरायचं तर संमती हवी. पण त्यांचं नाव आणि फोटो बियाण्याच्या पाकिटावर छापून कोणी विकू लागला, तर तो लेखनाचा विषय उरत नाही. तिथे संमती लागतेच.

चरित्रकारांचाही यात वाटा आहे. ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव यांच्यावरच्या नागराज मंजुळे यांच्या चित्रपटाविरुद्ध खाशाबांच्या एका चरित्रकाराने पुण्याच्या न्यायालयात कॉपीराइटचा दावा केला, ही बातमी २०२५ च्या सुरुवातीला तुम्ही वाचली असेल. त्या दाव्याचं काहीही होवो, चरित्र लिहिणाऱ्याने कामाची पद्धत यावरून ठरवावी. घटना कोणाच्याच मालकीच्या नसतात. त्यांची निवड, जुळणी आणि शब्द लेखकाचे असतात. म्हणून मुलाखतींच्या तारखा, टेप, कच्चे मसुदे जपून ठेवा. मुलाखत देणाऱ्याकडून ‘पुस्तकासाठी वापरायला हरकत नाही, चित्रपटासाठी वेगळी बोलणी करू’ एवढी ओळ सहीनिशी घ्या.

आवाजाच्या नकलेवर आता दाद मिळू लागली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना, कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांचा आवाज बनवणाऱ्यांविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. हे नामवंतांचे खटले आहेत आणि न्यायालय ओळखीचा पुरावा मागतं. तुमच्या कार्यक्रमांच्या पत्रिका, वृत्तपत्रांतली कात्रणं, पुरस्कारांची पत्रं एका फाईलमध्ये लावून ठेवा. तोच तुमचा पुरावा.

व्हिडिओ चोरीला गेला: पहिल्या आठवड्यात

1. रागाच्या भरात कमेंट करू नका. समोरचा सावध होऊन पुरावा पुसतो.
2. लिंक, चॅनलचं नाव, तारीख, किती लोकांनी पाहिलं, जाहिरात लागते का, या सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. मोबाईलवर स्क्रीन रेकॉर्डिंगही करा.
3. तुमच्याकडची मूळ फाईल, कार्यक्रमपत्रिका, समितीचं पत्र एकत्र करा. मूळ फाईलमध्ये तारीख असते, ती कापू नका.
4. एकदा सभ्य भाषेत, लेखी, मुदत देऊन काढायला सांगा. गावाकडची बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
5. नाही मिटलं तर यूट्यूबचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. त्याला वकील लागत नाही. तक्रारदार म्हणून तुमचं नाव समोरच्याला कळतं, हे धरून चाला.
6. समोरच्याने प्रतिनोटीस दिली, तर १० कामकाजी दिवसांत तुम्ही न्यायालयात गेल्याचं दाखवावं लागतं. नाहीतर व्हिडिओ परत येऊ शकतो.

आपल्या कायद्याच्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रारीनंतर मध्यस्थ कंपनीने ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तिच्यावर तो रोखून ठेवण्याचं बंधन राहत नाही. म्हणून तक्रार टाकून गप्प बसू नका.

स्ट्राइक तुम्हालाच आली तर

आधी ‘क्लेम’ आहे की ‘स्ट्राइक’, ते पाहा. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे वळतात, चॅनलला धोका नसतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या तर चॅनल बंद होऊ शकतं. ‘३० सेकंदांपर्यंत चालतं’, ‘खाली श्रेय दिलं की झालं’, ‘व्हॉट्सअॅपवर आलं होतं’, यातलं एकही वाक्य कायद्यात नाही. चूक असेल तर मान्य करा आणि तक्रारदाराला तक्रार मागे घ्यायची विनंती करा. खरोखर बातमी किंवा परीक्षण असेल तर प्रतिनोटीस द्या.

कोणी बिनबुडाची धमकी देऊन पैसे उकळत असेल, तर कलम ६० खाली तुम्हीच दाद मागू शकता. तरुण यूट्यूबर घाबरून हजारो रुपये देऊन बसतात. आधी समोरच्याकडे हक्काचा कागद मागा.

नोंदणी, पोलीस आणि न्यायालय

हक्क रचनेसोबतच जन्मतो, नोंदणी सक्तीची नाही. पण पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. साहित्य किंवा संगीतरचनेसाठी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,०००, चित्रपटासाठी ५,०००. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबतात. एजंटाला दहापट पैसे देण्याची गरज नाही.

जाणूनबुजून केलेला भंग गुन्हाही आहे: ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. म्हणजे पोलीस ठाण्यातून ‘हे आमचं काम नाही’ असं उत्तर मिळालं, तर ते बरोबर नाही. तरी शेजारच्या गावातल्या पोराला तुरुंगात पाठवण्याआधी एकदा समोरासमोर बसून पाहा, असं मी मनापासून सांगेन.

दाव्यासाठी मुंबईला जावं लागतं, हा मोठा गैरसमज आहे. कलम ६२ तुम्हाला तुमच्या राहत्या जिल्ह्यात दावा करू देतं. पाथर्डीचा कीर्तनकार नागपूरच्या चॅनलविरुद्ध अहिल्यानगरच्या जिल्हा न्यायालयात उभा राहू शकतो. भरपाईचा दावा भंगाच्या तारखेपासून ३ वर्षांच्या आत करायचा. दावा व्यापारी स्वरूपाचा, ३ लाखांच्या वरचा असेल आणि तातडीचा मनाई आदेश नको असेल, तर आधी मध्यस्थीला जावं लागतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. जामखेडच्या कला केंद्रातल्या किंवा फडातल्या ज्या भगिनींचे नाचाचे व्हिडिओ त्यांना न विचारता फिरत आहेत, त्यांनी जाताना ओळखपत्र, त्या व्हिडिओंच्या लिंक लिहिलेला कागद, स्क्रीनशॉटच्या छापील प्रती आणि कार्यक्रमाच्या बुकिंगची एखादी पावती सोबत न्यावी. पावती नसेल तर त्या रात्री सोबत असलेल्या ढोलकीवाल्याला घेऊन जा. त्याची साक्षही चालते.